रात्रपाळी सोडायचीय की पेशंट?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३१ वर्षांच्या. शिक्षण बीएएमएस, राहायला डोंबिवली पूर्वेला. गेली पाच वर्षं घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्रपाळी करतात. मुलगी चार वर्षांची. दिवसा झोप होत नाही, चिडचिड वाढलीय. कॉलेजच्या मैत्रिणीकडून ‘क्लिनिकल टर्मिनॉलॉजी’ (आजारांच्या नावांना प्रमाण संज्ञा देणं) आणि ‘हेल्थ इन्फर्मॅटिक्स’ (आरोग्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर हाताळणं) हे शब्द कानावर आले. ठाण्यातल्या एका क्लासने ‘मेडिकल कोडिंग व हेल्थ इन्फर्मॅटिक्स’चा चार महिन्यांचा कोर्स ७५ हजारांत सांगितलाय. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर १० हजार सूट, शिवाय नोकरीची हमी. त्या लिहितात: ‘मला एक्सेलपलीकडे कॉम्प्युटर येत नाही. आयुर्वेदाच्या पदवीला तिथे कोण विचारणार? बाबांनी गावची जमीन विकून शिकवलं. सासूबाई म्हणतात, डॉक्टर होऊन कारकुनी करणार का? नवरा म्हणतो, हे सगळं उद्या एआय करील. पैसे भरू का?’

डॉक्टर,

पत्राच्या शेवटी ‘आता स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यावं की नाही तेच कळत नाही’ असं लिहिलंय, म्हणून सुरुवातच डॉक्टर म्हणून करते. मी स्वतः डॉक्टर नाही. बरीच वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि पुढे रुग्णालयांच्या कॉम्प्युटरमध्ये आजारांची नावं नीट बसवायचं काम केलं. त्यामुळे तुम्ही ज्या दाराशी उभ्या आहात, ते मला आतून माहीत आहे.

पत्र दोनदा वाचलं. झोपेचा विषय त्यात पुन्हापुन्हा येतो. पेशंटबद्दल मात्र एकही तक्रार नाही. उलट दोन गोष्टी तुम्ही ओझरत्या लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. एक म्हणजे पहाटे तीनला आलेले ते आजोबा. ‘पित्त झालंय, एखादी गोळी द्या’ म्हणाले, तुम्हाला त्यांचा घाम बरा वाटला नाही, तुम्ही ईसीजी काढलात आणि तो हार्ट अटॅक निघाला. दुसरी म्हणजे नर्सिंग होमचं डिस्चार्ज कार्ड. एकच आजार पाच जण पाच तऱ्हेने लिहितात हे बघून तुम्ही कुणी न सांगता त्याचा नमुना नव्याने करून दिलात.

म्हणून आधी माझा तुम्हाला प्रश्न. तुम्हाला सुटका रात्रपाळीपासून हवीय की पेशंटपासून? रात्रपाळीच छळत असेल, तर दिवसाची ओपीडी, एखाद्या शाळेतली किंवा कंपनीतली डॉक्टरची नोकरी, हे रस्तेही आहेत आणि त्यासाठी नवं क्षेत्र शिकायची गरज नाही. पाच वर्षांचं जागरण डोळ्यांवर असताना कुठलीही दिवसाची नोकरी सुंदर दिसते. जमल्यास महिनाभर रात्री कमी करून घ्या, झोप भरून काढा आणि मग स्वतःला विचारा की या कामाबद्दल अजूनही तितकंच वाटतंय का. ते डिस्चार्ज कार्ड बघता मला वाटतं, वाटेल. पण ते तुमचं तुम्हाला कळलेलं बरं.

आता या कामात नेमकं काय करतात ते सांगते, कारण क्लासच्या जाहिरातीत ते सापडायचं नाही.

आजोबांच्या पित्ताचंच घ्या. ‘पित्त झालंय’ हे आपण किती गोष्टींना म्हणतो! छातीत जळजळलं तरी पित्त, उन्हातून येऊन अर्धं डोकं ठणकायला लागलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, सोनोग्राफीत खडे दिसले तर ‘पित्ताचे खडे’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात यातल्या जळजळीचा कोड आर१२, अर्धशिशी जी४३, गांधी एल५० आणि पित्ताशयातले खडे के८०. तुमच्या आजोबांचं ‘पित्त’ होतं आय२१, म्हणजे हार्ट अटॅक. पेशंटच्या तोंडी एक शब्द, आणि कागदावर पाच वेगळे आजार. त्यातला खरा कोणता हे ठरवायचं काम तुम्ही पहाटे तीनला उभ्याउभ्या केलंत. टर्मिनॉलॉजीत तेच बसून, शांतपणे आणि हजारो शब्दांसाठी करायचं असतं.

आयसीडी आणि स्नोमेड सीटी ही दोन नावं तुमच्या कानावर सतत येतील आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. आयसीडी म्हणजे पिनकोड. ४२१२०१ म्हटलं की डोंबिवली पूर्व कळतं, पण तुमची इमारत कळत नाही. किती पत्रं कुठल्या भागात गेली हे मोजायला मात्र पिनकोडच सोयीचा. मृत्यूची कारणं, साथीची आकडेवारी, विम्याचे दावे, सगळी मोजदाद त्यावर चालते. स्नोमेड सीटी म्हणजे पूर्ण पत्ता: वाडी, चाळ, मजला, खोली. त्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. प्रत्येकीला स्वतःचा आकडा (अर्धशिशीचा ३७७९६००९, हार्ट अटॅकचा २२२९८००६), प्रत्येकीची वेगवेगळी नावं आणि तिचं इतरांशी असलेलं नातं: हा कुठल्या जातीचा आजार, शरीरात कुठे, कशामुळे. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची यादी आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांचे कोड एकत्र करून २००२ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. भारत २०१४ मध्ये तिचा सभासद देश झाला, त्यामुळे आपल्याकडे ती वापरायला पैसे पडत नाहीत. तिचं राष्ट्रीय केंद्र इथून चार तासांवर आहे, पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत.

हे सगळं कशासाठी, हे मला रेकॉर्ड रूमने शिकवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) साथ आली. पुढे एका डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, आपल्याकडे त्या महिन्यात लेप्टोचे नेमके किती पेशंट आले? सोपा प्रश्न होता. लेप्टोचा कोड ए२७, तो टाकला आणि आकडा काढून दिला. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही, माझ्या एका वॉर्डातच याहून जास्त होते. मग आम्ही तिघी फायली काढून बसलो. पावसाने दमट झालेले कागद, पांढऱ्या नाडीने बांधलेले गठ्ठे, आणि निदानाच्या रकान्यात कुठे ‘पीयूओ’ (कारण न कळलेला ताप), कुठे ‘फीव्हर विथ जॉन्डिस’, कुठे नुसतं ‘व्हायरल’, आणि कितीतरी फायलींवर प्रश्नचिन्ह घालून ‘? लेप्टो’. त्या प्रश्नचिन्हाचं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकीने ते लेप्टोत धरलं होतं, दुसरीने सोडून दिलं होतं, मी कधी असं कधी तसं. चूक आमची तिघींचीच होती, आणि आम्ही मन लावून काम करत होतो तरीही ती झाली होती.

कॉम्प्युटर आल्यावर हा घोळ मिटेल असं वाटलं होतं, पण तो वेगाने व्हायला लागला. ‘नो हिस्ट्री ऑफ टीबी’ लिहिलेला पेशंट शोधताना टीबीच्या यादीत यायचा. ‘एजीई’ म्हणजे अॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, जुलाब-उलट्या. इंग्रजीत ही तीन अक्षरं वयाच्या शब्दासारखीच दिसतात, त्यामुळे एका प्रणालीने ती वयाच्या रकान्यात टाकली. आहे, नाही, संशय आहे, आईला होता: या चार गोष्टी स्नोमेडमध्ये वेगवेगळ्या नोंदवायची सोय आहे. पण सोय असून भागत नाही. डॉक्टरला कुठली यादी दाखवायची, त्यात कुठला शब्द वर ठेवायचा, संशयाची नोंद कशी घ्यायची, याचे नियम कुणीतरी बसून लिहावे लागतात. ते नियम लिहिणारी माणसं म्हणजे टर्मिनॉलॉजिस्ट. रुग्णालयाची स्वतःची चार हजार निदानांची जुनी यादी असते, त्यात मधुमेह वीस तऱ्हेने लिहिलेला असतो. ती एकेक ओळ घेऊन प्रमाण संकल्पनेशी जुळवायची. दोघांनी एकमेकांचं न बघता जुळवायची, जिथे उत्तर वेगळं येईल तिथे तिसऱ्याने निवाडा करायचा. संथ काम आहे, पण डोकं सतत जागं ठेवावं लागतं. सासूबाईंना कारकुनी वाटते ती बाहेरून दिसणारी बाजू. आजोबांचं पित्त आणि हार्ट अटॅक यातला फरक कारकुनाला कळला नसता.

आता तुमच्या पदवीचं. आयुर्वेदाला तिथे कोण विचारतं, असं तुम्ही लिहिलंय. आयुष मंत्रालयाचं ‘नमस्ते’ नावाचं पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. आयुर्वेद, सिद्ध, युनानीतल्या रोगांच्या नावांना प्रमाण संज्ञा आणि कोड देणं हे त्याचं काम. पुढे १० जानेवारी २०२४ ला दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या पुढच्या आवृत्तीत या तिन्ही पद्धतींच्या निदानांचा भाग आणला. तुम्ही आम्लपित्त आणि शीतपित्त वेगवेगळी शिकलात. शीतपित्त म्हणजे अर्टिकेरिया, म्हणजे गांधी, असं आपण पटकन म्हणतो. पण ते तंतोतंत तेच आहे का, की काही लक्षणं एकीकडे जास्त आहेत? उदर्द आणि कोठ, हे त्याचे आयुर्वेदातले जवळचे आजार, कुठे टाकायचे? हा प्रश्न एमबीबीएस डॉक्टरला पडणारही नाही आणि सॉफ्टवेअर इंजिनियरला तर नाहीच. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. पाच वर्षं अॅलोपॅथीच्या वॉर्डात काढलीत, त्याआधी साडेपाच वर्षं संहिता वाचल्यात. ही उणीव नव्हे, हे तुमचं भांडवल आहे आणि अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा.

कॉम्प्युटरची भीतीही थोडी बाजूला ठेवा. सुरुवातीला एक्सेलच लागतं, पण ते चांगलं लागतं: फिल्टर, व्हीलूकअप, पिव्होट, दोन याद्या ताडून बघणं. त्यानंतर एसक्यूएल शिका, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. रोज तासभर दिलात तर दोन महिन्यांत हात बसतो. मग ‘फायर’ म्हणजे काय ते समजून घ्या. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यातून लोकांना आरोग्याच्या नोंदींसाठी १४ अंकी आभा क्रमांक मिळतात. तुमच्या नर्सिंग होमची नोंद उद्या परळच्या रुग्णालयात उघडली, तर ती कुठल्या साच्यात जावी हे फायर सांगतं. त्याचे भारतीय साचे पुण्याच्या सी-डॅकमधूनच निघतात. लॅबच्या तपासण्यांना लॉइंक नावाचे कोड असतात. हे सगळं वाचता आलं तरी सुरुवातीला पुरे. प्रोग्रॅमिंग आलं तर उत्तम, पण ते नाही म्हणून तुम्ही अडणार नाही.

क्लासकडे येऊ. मेडिकल कोडिंग, म्हणजे निदान-उपचारांना ठरलेले कोड लावणं, हे क्लिनिकल टर्मिनॉलॉजीचं चुलत भावंड आहे. क्लासमध्ये बहुधा शिकवतात ते अमेरिकेतल्या बिलांसाठी लागणारं: आयसीडी-१०-सीएम, जे तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे, आणि सीपीटी, म्हणजे उपचारांचे कोड, जे तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेचे आहेत. ऐरोलीपासून चेन्नईपर्यंत कंपन्या हे काम करतात. ते प्रामाणिक आणि शिस्तीचं काम आहे, त्यातून वर गेलेल्या मुली मी पाहिल्यात. पण दिवसाला इतके चार्ट (पेशंटच्या नोंदी) झालेच पाहिजेत असं गणित असतं, आणि तुम्हाला ज्यात रस आहे ते नियम ठरवायचं काम तिथे लगेच हाती येत नाही. म्हणून क्लासला साधे प्रश्न विचारा, उत्तरं लेखी मागा. अभ्यासक्रमात स्नोमेड, लॉइंक, फायर आहे का, की नावापुरतंच ‘इन्फर्मॅटिक्स’? सीपीसी या कोडिंगच्या परीक्षेची फी ७५ हजारांत धरलीय की वेगळी? ‘नोकरीची हमी’ म्हणजे ऑफर लेटर की नुसती मुलाखत? मधेच सोडलं तर पैसे परत किती? मागच्या बॅचच्या दोघींचे नंबर मागा, क्लासने निवडून दिलेल्या सोडून आणखी एक तुम्ही शोधा. उत्तरं देताना ते महिनाअखेरीची घाई करायला लागले तर तिथून उठा. हप्त्यावर कर्ज काढून तर अजिबात भरू नका.

पैसे भरायच्या आधी स्वतःची परीक्षा फुकटात घेता येते. स्नोमेडचा फाउंडेशन कोर्स ऑनलाइन मोफत आहे. स्नोमेडचा ब्राउजर आणि आयसीडीचे (१० आणि ११) दोन्ही ब्राउजर, म्हणजे शब्द शोधायची वेबपानं, कुणालाही उघडता येतात. एक एक्सेल शीट घ्या. पाच वर्षांत पेशंटच्या तोंडून ऐकलेले शंभर शब्द आठवून लिहा: कसकस, कणकण, हुडहुडी, उसण भरली, चमक आली, धाप लागते, पायाला मुंग्या, पोटात कळ, अंग मोडून आलंय. शेजारच्या रकान्यात त्याचा वैद्यकीय अर्थ, त्यापुढे आयसीडी-१०, त्यापुढे स्नोमेडची संकल्पना, जमेल तिथे आयुर्वेदातलं नाव. शेवटचा रकाना ‘हेच का, दुसरं का नाही’. तो कधीही रिकामा ठेवू नका, कारण मुलाखतीत समोरचा तोच वाचेल. ‘कसकस’ला ताप म्हणायचं की तापाआधीची अंगदुखी, यावर अर्धा तास घालवावासा वाटला आणि तो कसा गेला ते कळलं नाही, तर या कामात तुम्ही रमाल. दहाव्या ओळीला जांभया आल्या तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं. पेशंटचं नाव, फायलीचा फोटो, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, काहीही घरी आणू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि या क्षेत्रात गोपनीयता मोडलेल्या माणसाला कुणी उभं करत नाही.

शीट तयार झाली की ती घेऊन हिंडा. मुंबईत जागा आहेत, पण त्यांच्या पाट्यांवर ‘टर्मिनॉलॉजिस्ट’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. मोठ्या रुग्णालयांचे एमआरडी (रेकॉर्ड विभाग) आणि क्वालिटी विभाग, हॉस्पिटल सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या (तिथे ‘क्लिनिकल अॅनालिस्ट’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन’ या नावाखाली डॉक्टर घेतात), विम्याचे दावे तपासणारी टीपीए कार्यालयं, संशोधनासाठी आजारांच्या नोंदी ठेवणाऱ्या नोंदण्या (रजिस्ट्री). कॅन्सरची नोंदणी तर या शहरात १९६३ पासून चालू आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली, देशातली पहिली. पवईला आयआयटीत कोइता सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे. त्यांची व्याख्यानं, कार्यशाळा यांवर लक्ष ठेवा. पुढे रीतसर शिकायचं ठरलं, तर ७५ हजार तिथे किंवा एखाद्या विद्यापीठाच्या पदविकेत घालणं मला जास्त पटेल. टीपीएची नोकरी अनेक बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर करतात. ती दिवसाची असते आणि कोडिंगची सवय लावते. पहिली पायरी म्हणून ती वाईट नाही. फक्त दोन वर्षांनी तिथून पुढे कुठे जायचं हे आधी ठरवून घ्या, नाहीतर माणूस तिथेच मुरतो.

आणि अगदी जवळचं दार विसरू नका. तुमच्या नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांना जाऊन सांगा की डिस्चार्ज कार्डातल्या नेहमीच्या पन्नास निदानांची प्रमाण यादी मी करून देते, बदल्यात आठवड्याच्या दोन रात्री दिवसपाळीत द्या. फार तर नाही म्हणतील. हो म्हणाले, तर तुमच्या अर्जात लिहायला प्रत्यक्ष केलेलं काम येईल.

मिस्टरांच्या एआयच्या शंकेत तथ्य आहे. कागद वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आलीच आहेत, आणि जे काम फक्त संख्येवर चालतं ते आधी आक्रसेल. म्हणूनच मी तुम्हाला चार्टच्या गठ्ठ्यापेक्षा नियम, याद्या आणि तपासणीकडे ढकलतेय. मशीनने ‘? लेप्टो’ला ए२७ लावला तर तो चुकला हे ओळखणारं कुणीतरी लागेल, आणि ते ओळखायला पेशंट पाहिलेला असावा लागतो. म्हणून महिन्यातून थोडी तरी ओपीडी चालू ठेवा आणि कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. पहिलं वर्षभर पगार आत्तापेक्षा कमी असू शकतो. ते धरून घरचा हिशेब मिस्टरांसोबत बसून आधीच करा.

बाबांना जमिनीचा हिशेब द्यायला जाऊ नका. त्यांना आजोबांच्या पित्ताची गोष्ट सांगा, आणि ती शीट उघडून दाखवा. गावाकडचे दहा-बारा शब्द तेच भर घालतील.

क्लासचा फोन महिनाअखेरीला येईलच. तेव्हा त्यांना सांगा, शंभर ओळी पूर्ण झाल्या की कळवते. आणि शंभर झाल्या की मलाही पाठवा. ‘कसकस’ तुम्ही कुठे टाकलीत ते मला बघायचंय.